सुट्टीत जुनी गाडी घ्यायला निघालेल्या फौजी पोरांसाठी

माझी पहिली गाडी '२६ जुलैची' निघाली. घेतली २००६ च्या मे महिन्यात, पण आदल्या वर्षीच्या २६ जुलैला ती मुंबईत कुठेतरी पाण्यात उभी होती. हे मला कळलं पुढच्या सुट्टीत. ओळखीच्या गॅरेजवाल्याने सीटबेल्ट हळूहळू ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. वरचा दोन-अडीच हात पट्टा काळा, स्वच्छ. गुंडाळीच्या तळाशी राहणारा वीतभर भाग मात्र चहाच्या रंगाचा, सुकलेल्या गाळाने कडक झालेला. नखाने खरवडला तर भुकटी सांडली.

तेव्हा माझी दोन वर्षांची नोकरी, वीस दिवसांची सुट्टी. वडिलांच्या उसाच्या बिलातले थोडे पैसे आणि बाकी फायनान्स. एजंटाने बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि पहिला प्रश्न विचारला, "साहेब, सुट्टी कधीपर्यंत आहे?" मला वाटलं माणूस आपुलकीचा आहे. नवव्या दिवशी गाडी दारात होती.

आता नोकरी संपवून घरी आलोय. गेल्या वर्षी अग्निवीर भाच्याला गाडी घेऊन दिली, तेव्हा सगळी प्रक्रिया नव्याने शिकलो. पगार बुडत नाही म्हणून फायनान्सवाला आपल्यावर खूश, आणि सुट्टी संपली की आपण हजार किलोमीटर लांब जाणार म्हणून विकणारा खूश. म्हणून खालचा क्रम मी गाडीच्या नव्हे, सुट्टीच्या हिशेबाने लावलाय.

१. हिशेब बराकीत बसून करा, शोरूममध्ये नाही

अग्निवीराचं पॅकेज पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. त्यातले ३० टक्के सेवा निधीत जातात, हातात येतात २१,०००. दुसऱ्या वर्षी २३,१००, चौथ्या वर्षी २८,०००. एजंट तुम्हाला ३०,००० धरून हप्ता बसवून देईल आणि वर म्हणेल, "शेवटी अकरा लाख येतातच की!" सेवा निधीचे ते साधारण ११.७१ लाख चार वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतात. त्याच दिवशी नोकरीही संपते, कारण कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. त्यामुळे दीड वर्ष नोकरी झालेल्या पोराने पाच वर्षांचं कर्ज घेतलं तर शेवटची अडीच वर्षं हप्ता कशातून जाणार? कर्जाची मुदत नोकरीच्या उरलेल्या महिन्यांपेक्षा एक महिनाही जास्त नको.

गाडीच्या किमतीवर इन्शुरन्स, नावावर करायचा खर्च, टायर-बॅटरी आणि पहिली सर्व्हिस हे सगळं येतं. किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम त्यासाठी वेगळी काढून ठेवा. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: वर्षातले दहा महिने गाडी दारात उभी राहणार असेल तर ती आत्ताच हवी आहे का? माझ्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला असता तर राग आला असता, तरी विचारायला हवा होता.

२. कर्ज आधी, गाडी नंतर

एजंटाकडच्या फायनान्सच्या टेबलावर एक शब्द जपून ऐका: फ्लॅट. ४ लाखांचं कर्ज, ४ वर्षं, ९ टक्के फ्लॅट. व्याज १,४४,००० आणि हप्ता साधारण ११,३३३. तेच ९ टक्के घटत्या शिलकीवर असते तर हप्ता ९,९५४ आणि एकूण व्याज ७८,००० च्या आत. फ्लॅटमध्ये तुम्ही फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज भरत राहता. घटत्या शिलकीच्या भाषेत तो ९ टक्के दर जवळजवळ १६ टक्के पडतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात सगळे चार्जेस धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा आणि दोन कर्जांची तुलना फक्त त्या एका आकड्यावर करा. "हप्ता किती परवडेल?" असं कुणी विचारलं तर गाडीची पूर्ण किंमत आणि एपीआर विचारून उलटा प्रश्न टाका. नुसत्या हप्त्यावर बोलणं सुरू झालं की मुदत वाढवून कितीही महाग गाडी गळ्यात मारता येते.

सुट्टीवर निघण्याआधी आपला पगार जमा होतो त्या बँकेत विचारून या. जुन्या गाडीला बँका कटकट करतात हे खरं, पण निदान तुलनेला एक दर हातात राहतो.

३. गाडी बघायला जाण्याआधी नंबर बघा

हे काम सुट्टी लागायच्या आधी फोनवर होतं. विकणाऱ्याकडून गाडीचा नंबर घ्या. नंबर द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला तिथेच रामराम.

एम-परिवहन अ‍ॅपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, कितवा मालक, फिटनेस, टॅक्स आणि इन्शुरन्सची मुदत, गाडीवर बोजा (न फिटलेलं कर्ज) आहे का, ती काळ्या यादीत आहे का, हे सगळं दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, तरी अक्षरं जुळतात का हे कळतं. चलन दोन ठिकाणी तपासा. केंद्राचं ई-चलन वेगळं आणि महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं संकेतस्थळ वेगळं. भाच्यासाठी बघितलेल्या एका गाडीवर पहिल्या ठिकाणी काहीच नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी अकरा चलनं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते ती याचमुळे. दिल्लीकडून येणाऱ्या डिझेल गाड्यांचंही तसंच. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादाचे आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निर्बंध आले, म्हणून त्या बाहेरच्या राज्यांत ढकलल्या जातात. घेऊ नका असं नाही, पण इथे आणल्यावर टॅक्स पुन्हा भरावा लागतो आणि एनओसीसाठी (नाहरकत पत्रासाठी) मूळ आरटीओचा पाठपुरावा करावा लागतो. तुमच्या सुट्टीत ते बसत नाही.

४. गाडी बघताना

सोबत घेऊन जायचं सामान: टॉर्च, लहान चुंबक, कोरा कागद आणि पेन्सिल, जुना टॉवेल. जमलं तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र. आणि एक जाणकार माणूस. युनिटच्या एमटीमधला (गाड्यांच्या विभागातला) किंवा ईएमईचा (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचा) कुणी उस्ताद तुमच्याच तालुक्यातला निघाला आणि सुट्टी जुळली तर सोन्याहून पिवळं. नाहीतर गॅरेजवाल्याला त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन न्या. मात्र तो विकणाऱ्याने सुचवलेला नको.

सकाळी जा, दिवसाच्या उजेडात. आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर समजा, थंड असताना चालू होत नाही हे लपवलं जातंय.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला जास्त वेळ द्या, कारण हा दोष वरून अजिबात दिसत नाही आणि वर्षभर वायरिंगमधून बाहेर येत राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण. प्रत्येक पुरानंतर अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. पाचही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टॉवेल अंथरून पाठीवर पडा आणि सीटखालचे रूळ आणि बोल्ट बघा, तिथे सहसा कुणी साफ करत नाही. डिकीतलं स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरवा. गालिच्याचा कोपरा उचलून वास घ्या. गाडीत अत्तराचा भपका असेल तर खिडक्या बंद करून दहा मिनिटं आत बसा, ओलसर कुबट वास हळूच वर येतो.

ठोकलेली गाडी ओळखायला दाराची रबरी बीडिंग ओढून काढा. आत पत्र्यावर एकसारख्या अंतरावर गोल खळगे दिसतात, ते कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके. एका बाजूला ते आहेत आणि दुसऱ्या बाजूला सपाट किंवा वेडंवाकडं आहे, म्हणजे पिलर (दाराशेजारचा, छप्पर धरणारा खांब) कापून जोडलाय. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर बॉनेट एकदा तरी निघालंय. ते एकवेळ चालेल, पिलर नाही. चुंबक पत्र्यावर फिरवा, पुट्टी भरलेल्या जागी ते धरत नाही. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. लागतच नसेल तर एअरबॅग उघडून गेल्या असतील आणि दिव्याची वायर काढून ठेवली असेल.

मीटर मागे घेणं हे फार सोपं काम आहे, त्यामुळे मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर, स्टीअरिंगची गुळगुळीत झालेली कातडी आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड खरं बोलतात. टायरवर चार आकडे असतात: १४२२ म्हणजे २०२२ सालातला १४ वा आठवडा. तीस हजार चाललेल्या, पाच वर्षांच्या गाडीला चारही टायर गेल्या वर्षीचे का, हे विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या जुन्या नोंदी मालकाला काढून आणायला सांगा, प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर तिथे असतात.

मग चेसिस नंबर. पत्र्यावर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. सतरा अक्षरं-आकडे आरसीशी (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राशी) एकेक करून जुळवा. आजूबाजूला घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग दिसला तर भाव कितीही चांगला असो, निघा. अपघातात दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. असा सांगाडा भंगारात घेऊन त्याचा नंबर चोरीच्या गाडीवर चढवायचा धंदा चालतो. पोलिसाने रस्त्यात अडवलं की वर्दीची अब्रू जाते.

चालवून बघताना गाणी बंद. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही दाट पांढरा येत असेल तर पाणी इंजिनात जातंय. एवढं कळलं तरी बाकीचं गॅरेजवाला सांगेल.

५. फौजीच्या नावाने फौजीलाच

ऑनलाइन जाहिरात: गाडी चकाचक, किंमत निम्मी. विकणारा म्हणतो, मी आर्मीत आहे, पोस्टिंग काश्मीरला आली, गाडी कॅन्टोन्मेंटमध्ये उभी आहे. ओळखपत्राचा आणि कॅन्टीन कार्डाचा फोटो लगेच पाठवतो. हे फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणा जवानाचे, पूर्वी अशाच व्यवहारात उकळलेले. नंतर 'आर्मी ट्रान्सपोर्टने' गाडी पाठवायचे पैसे, गेट पासचे पैसे, परत मिळणारं डिपॉझिट. आपली माणसं याला लवकर फसतात, कारण वर्दीवर विश्वास बसतो. पण फौज कुणाची विकलेली गाडी घरपोच करत नाही हे तुम्हाला माहीत आहे की!

गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही नाही. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही, तो पैसे देताना लागतो. आणि स्वतःच्या ओळखपत्राचा फोटो तुम्हीही कुणाला पाठवू नका. उद्या त्यावर दुसरा कुणी फसेल.

६. भाव आणि टोकन

"सुट्टी कधीपर्यंत?" या प्रश्नाला माझ्या भाच्याने "आत्ताच आलोय, दोन महिने आहे" असं उत्तर दिलं. हाताशी अकरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी एजंटाचाच फोन आला आणि भाव अठरा हजारांनी उतरला.

टोकन थोडकं द्या, रोख नको, बँकेतून द्या. पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली पूर्ण किंमत, आणि "कागदपत्रांत किंवा तपासणीत दोष निघाल्यास टोकन परत" हे वाक्य हवं. तोंडी आश्वासनांना किंमत शून्य. "टायर बदलून देतो", "बोजा मी उतरवतो" हे सगळं पावतीवर उतरवा.

डीलर जीएसटी वेगळा मागत असेल तर लक्षात ठेवा, जुन्या गाडीवरचा १८ टक्के जीएसटी डीलरच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. आणि व्यवहार खासगी मालकाशी असेल तर तो प्रश्नच येत नाही.

७. नावावर करणं: हे झाल्याशिवाय गाडी पकडू नका

माझा दुसरा घोळ इथे झाला. "कागद मागून पाठवतो साहेब, तुम्ही निर्धास्त जा." मी गेलो. आठ महिने गाडी आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली. मधल्या काळात धाकट्या भावाने ती पुलाच्या कठड्याला घासली, तर विमा कंपनीने क्लेम फेटाळला.

लागणारे कागद:

- मूळ आरसी. डुप्लिकेट असेल तर मूळ कुठे गेली, हे विचारा.
- फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या आणि तुमच्या सह्यांसह
- कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं नाहरकत पत्र
- दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे आरटीओची एनओसी
- चालू इन्शुरन्स, पीयूसी
- दोघांचे आधार, पॅन, फोटो
- तुमच्या पत्त्याचा पुरावा. आधार गावचं असेल तर गावच्या आरटीओत काम सोपं. पोस्टिंगच्या जागी नोंद करायची असेल तर युनिटच्या क्लार्ककडून राहण्याचं प्रमाणपत्र घ्या आणि तिथल्या आरटीओत चालतं का ते आधी विचारा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार त्याच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका आणि विकणाऱ्याच्या सहीचे कोरे फॉर्म घेऊन "नंतर भरू" असंही म्हणू नका. आरसीवरचा मालक आणि समोरचा माणूस वेगळा असेल तर मधे एक-दोन हात झालेत, आणि खरा मालक उद्या सही नाकारू शकतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की तशी ऑनलाइन माहिती द्यावी लागते. ते अधिकारपत्र बघायला मागा. चेहऱ्यावरूनच बरंच कळतं.

मोठी रक्कम आरटीओत अर्ज दाखल होऊन पावती हातात आल्यावरच द्या. सुट्टीत तेवढे दिवस उरत नसतील तर गाडी पुढच्या सुट्टीत घ्या. गाड्या संपत नाहीत.

८. इन्शुरन्स

थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) गाडीसोबत आपोआप येतो, पण पॉलिसीवर नाव बदलायला १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. आमचा क्लेम त्यावरच अडकला. 'नो क्लेम बोनस' हा माणसाचा असतो, गाडीचा नाही. "पन्नास टक्के बोनस आहे बघा" असं सांगून कुणी भाव वाढवत असेल तर हसून सोडून द्या.

९. परत जाताना

गाडी गावी ठेवणार असाल तर ती कोण चालवणार ते ठरवा आणि त्याचं लायसन्स स्वतः बघा. पोस्टिंगला नेणार असाल तर बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात राहिल्यास तिथला नंबर घ्यावा लागतो. सैन्यातल्यांना बीएच मालिकेचा, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारा, नंबर घेता येतो. २०२१ मध्ये तो नव्या गाड्यांसाठी आला, डिसेंबर २०२२ च्या बदलानंतर साध्या नंबराच्या गाडीलाही तो घेण्याची सोय झाली. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. दर तीन वर्षांनी राज्य बदलणाऱ्याने विचार करावा.

आणि पुढे कधी गाडी विकलीत तर विकणारा म्हणूनही आरटीओतली नोंद करूनच निघा. नाव बदललं नसेल तर अपघाताच्या भरपाईला नोंदणीवरचाच मालक जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. तुम्ही सिक्कीमला आणि नोटीस गावच्या घरी, असं नको.

१०. आधीच फसला असाल तर

लाजू नका. मी लाजलो आणि वर्ष घालवलं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० वर फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत फिरलेले असतात. डीलरविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. खासगी मालकाने फसवलं असेल तर हा रस्ता चालत नाही, तिथे पोलीस किंवा दिवाणी कोर्ट.

युनिटमध्ये सुभेदार साहेबांना सांगा. युनिटकडून जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांना पत्र जाऊ शकतं, आणि त्या पत्राने हललेली प्रकरणं मी बघितलीत. गावी वडील किंवा भाऊ जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊ शकतात. मोफत कायदेशीर मदतीसाठी २०२५ मध्ये 'वीर परिवार सहाय्यता योजना' सुरू झालीय, तिथेच तिची चौकशी करायला सांगा.

या प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा मागतात ते पावती, बँकेची नोंद आणि विकणाऱ्याशी झालेले मेसेज. फोन बदलताना ते चॅट उडवू नका, आणि जाहिरात अजून दिसत असेल तर आत्ताच तिचा स्क्रीनशॉट घ्या.